स्टेशनजवळचं हॉटेल ठेवू की कॅन्सल करू?

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून. कोल्हापूरच्या एक ताई, वय 52. मुलगी गेल्या वर्षापासून जर्मनीत डार्मश्टाटला मास्टर्स करतेय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ताई आणि त्यांची मोठी बहीण (अक्का, वय 61, गुडघ्यांचा त्रास) तिला भेटायला निघाल्यात. मुलीची परीक्षा आटपेपर्यंत पहिल्या तीन रात्री दोघी फ्रँकफर्टला राहणार. हॉटेल ताईंनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या मोबाइलवरून बुक केलं, मेन स्टेशनपासून चालत चार मिनिटं, एल्बे श्ट्रासेवर, नाश्ता धरून बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त. मग श्टुटगार्टच्या भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, वेडी झालीस का, तिथे लोक रस्त्यावर ड्रग्ज घेतात, बायकांचा बाजार आहे तो!" आणि ऑगस्ट 2024 मध्ये त्याच स्टेशनवर एका माणसाला गोळ्या घालून मारलं त्या बातमीची लिंक पाठवली. रिव्ह्यू बघायला गेल्या तर अर्धे म्हणतात लोकेशन एकदम मस्त, अर्धे म्हणतात चुकूनही जाऊ नका. मिस्टर म्हणतात कॅन्सल कर, पण एका रात्रीचे पैसे बुडतात. मुलीला आणि अक्कांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. फ्लाइट रात्री 8.40 ला उतरते. त्यांचा प्रश्न: "तो भाग सुरक्षित आहे का नाही, एवढंच स्पष्ट सांगा."

ताई,

आधी एक सांगते, तुम्ही वेडेपणा वगैरे काही केलेला नाही. नकाशावर स्टेशन दिसलं, स्टेशनजवळ हॉटेल दिसलं, भाव परवडला, बुक केलं. कोल्हापुरात, पुण्यात, दादरला आपण असंच करतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांची बहीण बरोबर असताना चालायला कमी लागेल असं बघणं हा शहाणपणाच आहे. तेव्हा आपलं चुकलं हे ओझं आधी उतरवा, कारण ते डोक्यावर असलं की माणूस एकतर घाबरून सगळंच रद्द करतो किंवा हट्टाने जातो, आणि तुमच्या पत्रात मला दोन्ही थोडं थोडं दिसलं.

आता तुमचा प्रश्न. फ्रँकफर्टच्या स्टेशनसमोरच्या त्या वस्तीला बानहोफ्सफिर्टल म्हणतात, म्हणजे स्टेशनपाडा म्हणा ना. जेमतेम अर्धा चौरस किलोमीटरचा तुकडा आहे, स्टेशनच्या दारातून निघालात की दहा मिनिटांत पलीकडे बँकांच्या टॉवरपाशी पोचता. पण एवढ्याशा तुकड्यात रस्त्यारस्त्यात फरक आहे. कायझर श्ट्रासे रुंद, दुकानं, कॅफे, मंगळवार-गुरुवारी भाजी-चीज-ब्रेडचा बाजार भरतो, टाय लावलेले बँकवाले तिथे उभ्याने जेवत असतात. म्युन्शेनर श्ट्रासेवर ट्राम जाते, तुर्की, अफगाण, आपली देशी दुकानं, तिथे मी कढीपत्ता आणि कच्ची केळी घेतली आहेत. आणि याच्या उत्तरेला टाउनुस, मोझेल, निडा आणि तुमची एल्बे श्ट्रासे, तिचं उत्तरेकडचं अंग. तिथे वेश्यागृहं आहेत (जर्मनीत हा व्यवसाय कायदेशीर आहे) आणि तिथेच क्रॅक (म्हणजे ओढायचं कोकेन) ओढणारे, सुया टोचून घेणारे लोक फुटपाथवर बसलेले असतात. भाचा खोटं बोलत नाहीये. तो दोन-चार गल्ल्यांबद्दल जे खरं आहे ते अख्ख्या वस्तीबद्दल बोलतोय, आणि तुमचं हॉटेल नेमकं त्याच दोन-चार गल्ल्यांत किंवा त्यांच्या तोंडाशी आहे. म्हणून "तो भाग सुरक्षित आहे का" असं विचारू नका, कुठली गल्ली, किती वाजता, बरोबर कोण आणि हातात काय, असं विचारा. सकाळी अकराला मोकळ्या हाताने जाणाऱ्या बाईसाठी आणि रात्री साडेदहाला दोन-दोन बॅगा ओढत, मोबाइलमध्ये रस्ता शोधत चालणाऱ्या दोघींसाठी एकाच रस्त्याची उत्तरं वेगळी येतात.

मी हे लांबून सांगत नाहीये. माझी मावशी ग्रँट रोडला चाळीत राहायची, मुंबईतल्या वेश्यावस्तीचा फॉकलंड रोड हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही महिनाभर तिच्याकडे असायचो. गिरगावातले आमचे शेजारी म्हणायचे, पोरींना तिकडे कसं काय पाठवता. मावशीला विचारलं तर म्हणायची, "काही होत नाही गं." आता कळतंय की दोघांचंही उत्तर माझ्या उपयोगाचं नव्हतं. शेजारी तिकडे कधी गेलेच नव्हते. आणि मावशीला काही व्हायचं नाही कारण तिला कुठल्या दुकानाशी वळायचं, कुठला जिना टाळायचा, दिवेलागणीनंतर कोणत्या बाजूने चालायचं हे पायाला माहीत होतं, आणि नाक्यावरचा पानवाला तिला नावाने हाक मारायचा. परक्या गावात आपल्याला या दोघांसारखीच माणसं भेटतात, एक न बघता घाबरवणारा, दुसरा तिथलाच म्हणून बिनधास्त असलेला. दोघांचंही ऐकायचं, पण प्रत्येकाला एक जास्तीचा प्रश्न विचारून. भाच्याला विचारा, तू तिथे रात्री राहिलायस का, तुझ्याशी नेमकं काय झालं? आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्याला विचारा, तू स्वतः कुठल्या रस्त्याने जातोस?

रिव्ह्यूंचं पण तेच. मी रिव्ह्यू वाचताना क्रियापदं बघते, तुम्हीही बघा. "दिसले", "वास आला", "भीती वाटली", "किळस आली" ही एका बाजूला काढा. "चोरलं", "ओढलं", "मागे मागे आला", "धक्का दिला" ही दुसऱ्या बाजूला. स्टेशनपाड्यातल्या हॉटेलांचे वाईट रिव्ह्यू असे वेगळे केलेत की बहुतेक सगळे पहिल्या ढिगात पडतात, दुसऱ्या ढिगात थोडे, आणि त्यातही जास्त करून पाकीट, मोबाइल, बॅग. फक्त शेवटच्या सहा-आठ महिन्यांचे वाचा, असे भाग पटापट बदलतात, 2018 चा रिव्ह्यू आज काही कामाचा नाही. आणि पाच स्टार, एक स्टार सोडून मधले तीन स्टारवाले वाचा, ही माणसं तपशील देतात, की रात्री दाराला कुलूप असतं, की रस्त्याकडच्या खोलीत तीनपर्यंत आरडाओरडा ऐकू येतो.

पहिला ढीग म्हणजे काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मी तिथे राहिले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला हॉटेलचं दार उघडलं तर पायरीवर एक बाई बसली होती, पंचविशी-तिशीची असेल, अंगात पुरुषाचं मोठं जॅकेट, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा, ओला. काचेची बोटभर नळी तोंडात धरून लायटर पेटवायचा प्रयत्न करत होती, हात थरथरत होता म्हणून पेटत नव्हता. मला बघितलं, सरकून जागा करून दिली आणि काहीतरी म्हणाली, मला तेवढ्यात "सॉरी" कळलं. माझ्या जिवाला काही धोका नव्हता. पण मला नाश्ता गेला नाही आणि ती बाई आजही डोळ्यासमोर येते. ताई, भीती, घालमेल आणि धोका या तीन गोष्टी आहेत आणि आपल्या छातीत मात्र तिघींची धडधड सारखीच होते. तुम्हाला तिथे धोक्यापेक्षा घालमेल कितीतरी जास्त होणार आहे. ती तीन दिवस सोसायची तयारी आहे का, हे फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि नाही म्हणालात तरी ते कारण पुरेसं आहे, त्यासाठी भाग धोकादायक आहे असं सिद्ध करायची गरज नाही.

ते लोक तिथेच का दिसतात हेही सांगते, कारण ते कळलं की नजर बदलते. 1980 च्या दशकात आणि 90 च्या सुरुवातीला फ्रँकफर्टमध्ये बँकांच्या समोरच्या बागेत शेकडो माणसं उघड्यावर हेरॉइन घ्यायची, 1991 या एका वर्षात शहरात 147 जण त्यात मेले. मग शहराने नुसतं हाकलून न देता वेगळं धोरण घेतलं, 1994 मध्ये शहरात जर्मनीतली पहिली, देखरेखीखाली नशा करायची खोली उघडली, म्हणजे स्वच्छ सुई, प्रशिक्षित माणसं हजर, कोणी बेशुद्ध पडलं तर लगेच उपचार. अशा जागा, निवारे, जेवण यातलं बरंचसं स्टेशनच्या आसपास आहे म्हणून माणसंही आसपास. मृत्यूंचा आकडा पुढे खूपच खाली आला. अलीकडे क्रॅकमुळे परिस्थिती परत बिघडलीये हेही खरं, त्याचा अंमल लवकर उतरतो, माणूस सतत पुढच्या दमाच्या मागे असतो, चिडचिड, किंचाळणं, आपापसात मारामारी होते. पण त्यांचं लक्ष तुमच्याकडे नसतं. कोणी युरो मागितला तर मान हलवून "नाइन" (जर्मनमध्ये नाही) म्हणा आणि चालत राहा, थांबून पर्स उघडू नका.

गोळीबाराची बातमी खरी आहे, भयंकर आहे. त्यात पोलिसांना संशय होता तो आपापसातल्या जुन्या वैराचा, त्या माणसाला ठरवून गाठलं होतं. अशी बातमी वाचून मरणाची भीती वाटते पण त्यावरून तुमच्या तीन रात्रींचा अंदाज येत नाही. आकड्यांचंही सांभाळून. जर्मनीतल्या गुन्ह्यांच्या याद्यांत फ्रँकफर्ट कायम वरच्या नंबरात असतं, पण एवढ्या मोठ्या एअरपोर्टवर नोंदलेले गुन्हेही शहराच्याच खात्यात पडतात आणि भागाकार होतो फक्त शहरात राहणाऱ्या साडेसात लाखांवर लोकांनी, कामाला, प्रवासाला रोज येणारे लाखो त्यात नाहीतच. स्टेशनपाड्यात तर राहणारे जेमतेम काही हजार आणि स्टेशनातून रोज जाणारे चार लाखांच्या वर, मग दर माणशी आकडा डोळे पांढरे करणारा येणारच. कुठल्याही शहराच्या अशा आकड्याला आधी विचारायचं, भागलं कशाने.

आता अक्का. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की अक्कांना काहीच माहीत नाही. तुम्ही म्हणता उगाच घाबरेल. पण ज्या बाईला काही सांगितलेलं नाही तिने रात्री साडेदहाला टॅक्सीतून उतरताना लाल दिव्यांच्या खिडक्या आणि फुटपाथवर सुई टोचून घेणारा माणूस बघितला तर ती पुढचे पंधरा दिवस घाबरलेलीच राहील, तुमच्यावरचा भरवसाही जाईल. मोठी बहीण आहे, तीन रात्री तीही तिथे झोपणार आहे. तिला जसं आहे तसं सांगा, जमलं तर फोटो दाखवा आणि तिचं मत घ्या. मला तर वाटतं साठी ओलांडलेल्या बायका आपण समजतो त्यापेक्षा घट्ट असतात. पण ती नको म्हणाली तर नको.

मग करायचं काय. माझं मत विचाराल तर एल्बे श्ट्रासेवरचं हॉटेल मी तुमच्या जागी बदलेन, आणि त्याचं कारण आहे ती उतरायची वेळ. 8.40 ला फ्लाइट, इमिग्रेशन, बॅगा, शहरात पोचेपर्यंत साडेदहा. ऑक्टोबरात तिकडे सातला अंधार पडतो. झोप अपुरी, पाय सुजलेले, एकीचे गुडघे दुखतायत, आणि पहिल्यांदाच बघतोय असा रस्ता. वस्ती हीच असती आणि तुम्ही दुपारी एकला पोचत असतात तर मी कदाचित ठेवा म्हटलं असतं. बुडाली एक रात्र तर बुडाली, तिला हार समजू नका, पुढच्या वेळी नकाशा जवळ ओढून गल्ली बघायची ही शिकवणी त्यात आली. पण नवीन बुकिंग हातात आल्याशिवाय जुनं सोडू नका, ऑक्टोबरात तिकडे प्रदर्शनं असली की खोल्या मिळत नाहीत आणि भाव दुप्पट होतात. माइन नदीच्या पलीकडचं झाक्सेनहाउझेन बघा, किंवा बॉर्नहाइम, कुटुंबवाली वस्ती आहे, खाली बेकरी आणि भाजीवाला. मेट्रोने स्टेशनला पोचायला वेळ लागत नाही. नाहीतर पहिली एक रात्र एअरपोर्टजवळच झोपा. किंवा थेट डार्मश्टाटलाच हॉटेल घ्या की, एअरपोर्टवरून तिथे बस जाते, लेक गावातच, आणि फ्रँकफर्ट तिथून ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं, दिवसा फिरायला या. फ्रँकफर्टलाच राहायचं हे कशावरून ठरलं ते पत्रात कुठे दिसलं नाही.

आणि ठेवायचंच ठरलं, अक्कांनाही चाललं, तर तेही जमतं, शेकडो बायका राहून येतात. एअरपोर्टच्या रांगेतली टॅक्सी घ्या आणि हॉटेलच्या दारापर्यंत जा. ट्रेन स्वस्त पडते, पंधरा मिनिटांत नेते, पण त्या रात्री चाळीस-पन्नास युरो वाचवू नका. आजच हॉटेलला मेल टाका, रिसेप्शन रात्रभर उघडं असतं का, बाहेरचं दार बंद असतं का, खोली मागच्या अंगणाकडची मिळेल का, लिफ्ट आहे का, रात्री स्टेशनवरून कुठल्या रस्त्याने यावं. नीट, सविस्तर उत्तर आलं तर त्या हॉटेलला असे प्रश्न नवीन नाहीत. "डोन्ट वरी, सेफ एरिया" एवढंच आलं किंवा काहीच आलं नाही तर तेही उत्तरच आहे. दिवसा स्टेशनवरून सरळ कायझर श्ट्रासेने जा आणि हॉटेलच्या अगदी जवळ आल्यावरच वळा, मधल्या गल्ल्यांतून शॉर्टकट नको, मोबाइलचा नकाशा तुम्हाला जवळचा रस्ता दाखवतो, बरा रस्ता नाही. अंधार पडायच्या आत जेवून परत.

चोर या गल्ल्यांपेक्षा स्टेशनच्या आतच जास्त भेटतात, सरकत्या जिन्यावर, गाडीत चढताना, तिकिटाच्या मशीनपाशी. मशीनजवळ कोणी स्वतःहून "मी काढून देतो" म्हणत आला तर नको म्हणा, तिकीट लेकीकडून आधीच मोबाइलवर घेऊन ठेवा. पासपोर्ट कपड्याच्या आत, पर्स पुढे पोटाशी. मंगळसूत्र काढायला मी सांगणार नाही, पण कुडत्याच्या आत राहू दे, बाकी सोनं घरीच. आणि फळं कापायची सुरी! आपल्या बायकांच्या पर्समध्ये हमखास असते. नोव्हेंबर 2023 पासून या भागात रात्री आठ ते पहाटे पाच चाकू-सुऱ्या बाळगायला बंदी आहे, पोलिस अडवून तपासतात, तर ती चेक-इनच्या बॅगेत टाका आणि हॉटेलच्या खोलीतच ठेवा. फोटो काढताना तिथल्या माणसांवर मोबाइल रोखू नका, ना त्या खिडक्यांवर ना फुटपाथवरच्या लोकांवर. तिथे पाहुण्यांशी भांडण होतं ते बहुतेक याच्यावरून, आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे. पोलिस 110, ॲम्ब्युलन्स 112, दोन्ही नंबर अक्कांच्या फोनमध्येही.

बाकीच्या वाचकांनाही सांगते, कारण गेल्या काही महिन्यांत अशीच विचारणा पहाडगंजबद्दल आली, पॅरिसच्या उत्तरेकडच्या स्टेशनबद्दल आली, ऑफिसच्या कामाला सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या मुलाने टेंडरलॉइनबद्दल विचारलं. स्वस्त, मध्यवर्ती आणि रिव्ह्यू दोन टोकांचे, असं दिसलं की थांबायचं, हॉटेलची गल्ली शोधायची, आपण तिथे किती वाजता पोचतोय ते बघायचं आणि पहिल्या रात्रीचा विचार वेगळा करायचा. दुसऱ्या दिवशी उजेडात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी ठरवू शकता, पहिल्या रात्री ते जमत नाही.

शेवटचं, तुमची लेक. तिला कळू द्यायचं नाही कारण "आईला एक हॉटेल जमलं नाही" असं तिला वाटेल, असं तुम्ही लिहिलंय. ताई, ती पोरगी वर्षभर डार्मश्टाटला राहतेय. मसाले, कढीपत्ता, पोहे आणायला ती बहुतेक याच स्टेशनवर उतरत असणार आणि याच पाड्यातून चालत असणार. श्टुटगार्टचा भाचा आणि कोल्हापूरचे मिस्टर यांच्यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर तिला जास्त माहीत आहे, आणि तिला विचारलंच नाहीये. आज रात्री जेवणं झाली की फोन लावा, आपल्याकडे साडेनऊ म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे सहा. हॉटेलचं नाव आणि गल्ली सांगा आणि विचारा, तू इथून जातेस तेव्हा कुठल्या बाजूने चालतेस. अक्कांनाही शेजारी बसवा, फोन स्पीकरवर टाका.